कुसाबाईचं मत

चिठ्ठी निघाली कुसाबाईच्या नावाची आणि घाबरला तिचा नवरा गोटीराम.

जेल रोडला त्यांच्या सोसायटीत बायकांची भिशी होती, पण पुस्तकांची. आधी ती पैशांचीच होती. मग त्यात काहीतरी वाजलं, दोघी एकमेकींकडे बघेनाशा झाल्या आणि शाळेत शिकवणाऱ्या राखीनं तोडगा काढला की भिशी मोडायची नाही, पैसे तेवढे बाद करायचे. आता ज्या बाईची चिठ्ठी निघेल, तिनं अलीकडं वाचलेल्या एका कादंबरीचं नाव सांगायचं. बाकीच्यांनी ती मिळवून महिनाभरात वाचून काढायची. पुढच्या बैठकीत आधी तिनं मत मांडायचं आणि मग सगळ्यांनी तिच्याशी भांडायचं. या भांडणासाठीच बायका यायच्या, हे उघड होतं. भजी आणि चहा हे निमित्त.

कुसाबाईनं नाव सांगितलं ते खाणावळीच्या कादंबरीचं. तालुक्याच्या गावी खाणावळ चालवणारी एक विधवा, तिचा एकुलता एक मुलगा दत्तू आणि जेवायला येणारी नाना तऱ्हेची माणसं. गेल्याच महिन्यात गोटीरामनं ती तिला वाचून दाखवली होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, असं कुसाबाई सगळ्यांना सांगायची. गोटीराम ते ऐकून घ्यायचा.

काचबिंदूनं कुसाबाईची नजर हळूहळू गेली. अंगणवाडीत नोकरी करताकरता तिनं वाचनालयाची कपाटंच्या कपाटं वाचून संपवली होती. स्वयंपाक, कपडे, सगळं ती अंदाजानं करायला शिकली, पण पुस्तक अंदाजानं वाचता येत नाही. तेव्हा गोटीराम पुढं झाला. हा माणूस नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेला. छापून आलेल्या कागदावर डाग दिसला, रेघ फाकली की कागद बाजूला काढायचा, हे त्यानं जन्मभर केलं. कादंबरी नावाच्या वस्तूला त्यानं कधी हात लावलेला नव्हता. पहिले काही दिवस तो स्वल्पविरामाला थांबायचा आणि पूर्णविरामाला पळायचा. पुढं जमलं.

आणि जमलं तेव्हाच घोटाळा झाला. एका कादंबरीत ऐन तारुण्यातला मुलगा तापानं जातो, असं पान आलं. संतोषला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. संतोष म्हणजे त्यांचा मुलगा. विंचूरच्या वाइन पार्कात चांगल्या नोकरीला होता, लग्नाचं बघत होते, आणि कावीळ झाल्याचं निमित्त होऊन तीन दिवसांत गेला. ते पान समोर आलं आणि गोटीरामचा आवाज बंद पडला.

"काय झालं?" कुसाबाईनं विचारलं होतं.

"पानं चिकटल्यात," गोटीराम म्हणाला. आणि पानं सुटी करायला लागतो तेवढ्या वेळात त्यानं त्या मुलाचा ताप उतरवला.

तेव्हापासून हा धंदा सुरू झाला. कुसाबाई आंघोळीला गेली की गॅलरीत बसून तो पुस्तकाचा शेवट आधी वाचून ठेवायचा. कुणी मरत असलं, की त्याची तजवीज करायची. आजारी माणसं बरी झाली, घर सोडून गेलेली पोरं परत आली. एका कादंबरीत नावाडी भरल्या नदीत बुडतो. गोटीरामनं त्याला पलीकडच्या काठाला काढलं आणि तिथं एका सोसायटीत वॉचमनची नोकरीही लावून दिली. प्रेसमध्ये खराब कागद बाजूला काढायचा, तसंच हे, असं तो स्वतःला सांगायचा. आणि त्याला बरंही वाटायचं. खोटं कशाला बोला, एखाद्या पोराला वाचवलं की त्या दिवशी त्याला जेवण गोड लागायचं.

खाणावळीच्या कादंबरीत दत्तू मरतो. गोटीरामच्या वाचनात तो बरा झाला, गल्ल्यावर बसला आणि लग्न करून मोकळा झाला. आता भिशीतल्या झाडून सगळ्या बायका खरा शेवट वाचून येणार होत्या आणि कुसाबाई त्यांच्यासमोर दत्तूच्या लग्नावर मत देणार होती. भर बैठकीत तिचं हसं होणार, ही एक भीती. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. दत्तू मेला हे तिला कळलं, की आपण त्याला का मरू दिलं नाही हेही तिला कळणार. मग संतोषचं नाव निघणार. त्या घरात संतोषचं नाव निघत नसे. फोटोला हार होता, वर्षश्राद्ध व्हायचं, पण त्याच्याबद्दल बोलणं व्हायचं नाही. ते कुणी ठरवलं होतं असं नाही. तसं होऊन बसलं होतं.

"दुसरी एखादी सांग की," जेवताना गोटीराम म्हणाला. "ती लढाईची होती बघ, जाडजूड."

"तिच्यावर मी काय मत देणार? लढाई झाली, माणसं मेली, राजा जिंकला."

"मग ती शेतावरची सांग."

"तुम्हाला काय करायचंय हो? ही बाई माझ्या मनात बसलीय. मी हिच्यावरच बोलणार."

शेवटी गोटीराम राखीच्या दारात जाऊन उभा राहिला. राखी वह्या तपासत बसली होती. संतोषच्या बरोबरीचीच ती. लहानपणी दोघं एकाच आवारात खेळलेले.

"काका, या ना."

"बसत नाय. एक सांगायचं होतं." गोटीरामनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "ते पुस्तक मी तिला हाय तसं वाचलं नाय."

"म्हणजे?"

"आमच्याकडं दत्तू मेला नाय."

राखीला समजायला थोडा वेळ लागला आणि समजलं तेव्हा तिनं हातातलं लाल पेन खाली ठेवलं.

"बाकीच्या पुस्तकांत पण असंच, काका?"

"जवळजवळ."

"मी बोलते सगळ्यांशी," ती म्हणाली. "शेवटाबद्दल कुणी तोंड उघडणार नाही. तुम्ही काळजी करू नका."

राखी शब्दाची पक्की. दोन दिवसांत तिनं घरोघर जाऊन सांगून ठेवलं. त्या सोसायटीत आजवर कुठल्याही गोष्टीवर दोन बायकांचं एकमत झालेलं नव्हतं. दत्तू जिवंत आहे यावर मात्र सगळ्यांचं झालं.

बैठक शनिवारी दुपारी राखीच्याच घरी होती. एरवी गोटीराम कुसाबाईला सोडून खाली पारावर जाऊन बसायचा. त्या दिवशी तो दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिला. कुणी काही म्हटलं नाही, हेसुद्धा त्याला लागलं. कुसाबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या संजनाताई समोर होत्या, आणि कुणालाही बोलू न देण्याबद्दल प्रसिद्ध असलेली हर्षाली कुसाबाईला चिकटून बसली होती.

कुसाबाई भिशीत पुस्तकी भाषेत सुरुवात करायची. रंगात आली की आपल्या बोलीवर यायची.

"मला ही कादंबरी अतिशय आवडली," ती म्हणाली. "लेखिकेला स्वयंपाकघर ठाऊक आहे. ही खाणावळवाली किती माणसं जेवून गेली ते लिहून ठेवत नाही. पिठाचा डबा हलवून सांगते. आणि मुलाला ती सबंध पुस्तकात एकदाही बाळा म्हणत नाही. नुसती ओरडते. चपला तिथं का काढल्या, एवढा वेळ कुठं होतास, पाणी भर. पण दत्तू जेवायला बसला की ती आतून ओट्यापाशी उभी राहून त्याचं चावणं ऐकते. ते वाचलं ना, म्हणजे यांनी वाचलं आणि मी ऐकलं, तेव्हा मी यांना म्हटलं, थांबा जरा. लेखिकेनं त्या बाईला कुठंच रडवलं नाही. त्यामुळं मला रडू आलं."

संजनाताईंनी मान डोलावली. गोटीरामला वाटलं, झालं, इथंच थांबेल. पुढं भजी येतील.

"शेवट मात्र मला पटला नाही," कुसाबाई म्हणाली.

राखीनं एकदा गोटीरामकडं पाहिलं.

"दत्तू आजारी पडतो. ताप येतो, डोळे पिवळे होतात, मग दवाखाना. इथपर्यंत लेखिका दमानं सांगते. डाळ शिजायला घातली तर डाळ शिजेपर्यंत थांबणारी बाई ती. आन् मग एकदम काय, तर पोरगं बरं. पोरगं गल्ल्यावर. पोराचं लगीन. डाळीला थांबणारी बाई पोराच्या दुखण्याला थांबत नाय? मला नाय पटत. शेवटची वीस पानं तिची नायत."

हर्षालीनं कुसाबाईच्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"आणखी एक हाय. शेवटी लेखिका म्हणते, आणि सगळं मार्गी लागलं. आता मी बरीच पुस्तकं ऐकली. कुणी कोकणातल्या माणसानं लिहिलेलं, कुणी वऱ्हाडातल्या, एक तर डॉक्टरणीनं. एकाचं बोलणं दुसऱ्यासारखं नाय. पण शेवटाला आले का सगळेच म्हणतात, मार्गी लागलं. आमच्या विंचूरच्या मार्केटात कांद्याची गाडी खाली झाली का म्हणतात तसं. लागलं बाबा एकदाचं मार्गी. या सगळ्या लेखकांनी कांदा कधी विकला?"

एरवी या वाक्यावर खोली हसून फुटली असती. आता एकही बाई हसली नाही. तो शब्द आपल्या तोंडात बसलाय हे गोटीरामला आजवर माहीतच नव्हतं. विंचूरच्या मार्केटात कांदा विकणारा बाप उठताबसता म्हणायचा, म्हणून तोही म्हणायचा.

"हर्षाली," कुसाबाईनं तिच्या दिशेला मान वळवली, "तू भांडत नायस आज?"

"नाही मावशी. तुमचं बरोबर आहे."

"संजनाताई, तुम्ही? मागं मी म्हटलं होतं का नावाड्याची गोष्ट गोड संपली, तर तुम्ही मला म्हणाला होतात, कुसाबाई, तुम्ही ती गोष्ट वाचलेलीच नाय. आठवतं?"

"नीट आठवत नाही," संजनाताई म्हणाल्या. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून सांगितलेल्या बाईला ते जड गेलं असणार.

आंधळ्या माणसासमोर सगळेच एकदम गप्प झाले, की ते त्याला ओरडल्यासारखं ऐकू येत असावं.

"असो," कुसाबाई म्हणाली. "माझं मत एवढंच. हा शेवट ज्यानं कुणी केला, तो माणूस वाईट नाय. मायाळू हाय. पण घाबरट हाय. आन् घाबरट माणसानं गोष्ट सांगितली का ऐकणाराला एकटं पडल्यासारखं वाटतं."

भजी आली. कुणाला धड खाववली नाहीत.

घर दोनच इमारती पलीकडं होतं. एरवी कुसाबाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायची, तशीच चालली. घरी आल्यावर तिनं लुगडं बदललं, चहा टाकला आणि कप त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, "पुस्तक आणा."

"ते परत करायचं होतं, म्हणून..."

"कपाटात वरच्या फळीवर हाय. तुम्ही ठेवलं तेव्हा ऐकलं मी. आणा आन् शेवट वाचा. हाय तसा."

"कुसा, नको."

"तुम्ही शेवटाला आलात का पान उलटल्याचा आवाज येत नाय. कधीपासून येत नाय ते मला माहीत हाय. मी बोलले नाय. म्हटलं, यांना बरं वाटतं तर वाटू द्या. पण आज सगळ्या जणी माझ्यासाठी गप बसल्या. माझी दया आली त्यांना. ते मला नाय चालायचं."

गोटीरामनं पुस्तक आणलं. खिडकीपाशी अजून उजेड होता. तो वाचायला लागला. दत्तूचा ताप उतरत नाही. आई खाणावळ शेजारणीवर सोपवून दवाखान्यात येऊन बसते. ती त्याच्यावर ओरडते, की उठ, गिऱ्हाइकं खोळंबलीत. तो हसतो. मग तो हसत नाही. गोटीराम थांबला नाही. पान उलटलं, पुढचं उलटलं. शेवटी ती बाई घरी येते, हात धुते आणि पिठाचा डबा हलवून बघते. पुढं काही नाही. तिथं पुस्तक संपलं.

कुसाबाईनं पदरानं डोळे पुसले. "हे बरोबर हाय," ती म्हणाली. "असंच असणार होतं. चांगलं लिहिलंय बाईनं."

गोटीरामनं पुस्तक मिटलं. त्याला वाटलं होतं, हे वाचलं तर तिला काहीतरी होईल. तिला काही झालं नाही.

"आता संतोषचं सांगा," कुसाबाई म्हणाली.

"काय सांगू?"

"त्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, उतार हाय. तुम्ही मला घरी पाठवलं, म्हणालात, आंघोळ करून ये. मी आले तोवर सगळं झालं होतं. तुम्ही म्हणालात, जेवला, पाय दाबून घेतले आणि झोपला. झोपेतच गेला. एवढंच. दोन वाक्यं. माझं एवढं मोठं पोरगं तुम्ही दोन वाक्यांत संपवलंत. तेव्हापासून मी ऐकतेय ते. तोही शेवट तुमचाच हाय ना?"

गोटीरामनं पुस्तक टेबलावर ठेवलं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

"नाय," तो म्हणाला. "तो माझा नाय."

"मग?"

"तो त्याचा हाय. त्यानंच सांगितला मला. तू गेलीस तेव्हाच त्याला कळलं होतं, आता आपलं काय खरं नाय. मला म्हणला, दादा, आईला म्हणावं जेवलो, पाय दाबून घेतले आन् झोपलो. झोपेतच गेलो म्हणावं. दोनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून. शब्द चुकू नका म्हणला. बाकीची पुस्तकं मी बदलली, कुसा. हे एक मी जसंच्या तसं सांगितलं."

कुसाबाईचा हात टेबलावर होता, तो तसाच राहिला. तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते गोटीरामला बघवेना. संतोष गेला त्या दिवशी ती रडली होती ती बायकांच्या घोळक्यात, सगळ्यांबरोबर. आता ती एकटी रडली, आवाज न करता, आणि बराच वेळ.

"जेवला होता का?" तिनं मग विचारलं.

"नाय. पाणी नको म्हणला."

"घाबरला होता?"

"लय घाबरला होता. माझा हात सोडत नव्हता."

"आन् तुम्ही?"

गोटीराम दवाखान्यात रडला नव्हता, स्मशानात नव्हता, तिसऱ्याला नव्हता. सगळ्या नातलगांत त्याच्या धीराचं कौतुक झालं होतं. आता त्याचा धीर सुटला आणि तो लहान पोरासारखा हुंदके देत रडला. कुसाबाई चाचपडत उठली. तिनं त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि तशीच उभी राहिली.

"इतकी वर्षं हे तुम्ही एकट्यानंच वाचत बसलात," ती म्हणाली.

तिनं त्याला पाणी दिलं. मग आपली खुर्ची ओढून ती त्याच्या अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली, नवं पुस्तक सुरू करताना बसायची तशी.

"मी घरी निघाले तिथून सांगा," ती म्हणाली. "सावकाश. काही गाळू नका."

गोटीरामनं तोंड पुसलं. "तू जिना उतरलीस," तो म्हणाला, "आन् तो म्हणला, दादा, खिडकी उघडा, आई रस्ता ओलांडताना दिसंल."